टबाला कमी पडलेले चार इंच

ती. दादांना मास्तरांचा वाकून नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण खरं सांगायचं तर गेले नऊ दिवस मी एका जागी पाच मिनिटं बसलेलो नाही. हे पत्रसुद्धा उभ्यानेच लिहितोय. (कापायच्या टेबलावर नाही. टेबल कुठे गेलं ते पुढे येईलच.)

मूळ गोष्ट तुमच्या बहिणीच्या गुडघ्यांची. तीस वर्षं माझ्यासोबत मशीन चालवून ते कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसवा, नाहीतर या थंडीत हातात काठी येईल. आम्ही बादली घेतली. पण दादा, बादलीत पाय जातात, गुडघे बाहेरच राहतात, आणि दुखणं नेमकं गुडघ्यात! एका सकाळी ती भिंतीला धरून उठताना मला दिसली. मी बघतोय हे कळताच तिने भिंत सोडली आणि काही झालंच नाही अशा थाटात चहा ठेवायला गेली. मला माझीच लाज वाटली. लोकांच्या बाह्या-कॉलर सांभाळण्यात जन्म गेला आणि घरचं माणूस उसवतंय हे दिसलं नाही. त्याच दिवशी ठरवलं, गरम पाण्याचा टब आणायचा. आपल्या सात पिढ्यांत कुणी आणला नसेल, पण आणायचा.

आता मी म्हणजे मापाचा माणूस. दुकानात जाण्याआधी तुमच्या बहिणीला खुर्चीत बसवून खांदे, सीट, मांडी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सगळी मापं घेतली, वर दोन-दोन इंच लूज धरला आणि वहीत लिहून नेलं. (ती विचारत होती, मला ब्लाऊज शिवताय की पेटी?) विकणारा गृहस्थ चाट पडला. म्हणाला, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं. मग सहज म्हणून त्याने विचारलं, तुमचं दार केवढं आहे? मी म्हणालो, अहो, कपडा माणसाला बसतो का ते बघायचं, दाराला बसवून काय करायचंय! तो हसला, मीही हसलो. त्याने हसायला नको होतं. त्याने मला तिथेच खडसावायला हवं होतं.

टब आला, चार हमाल घेऊन आला. आडवा केला तर छत्तीस इंच. घराचं दार बत्तीस. चार इंच, दादा! चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणाची विजार चार इंचांनी आखूड झालेली नाही. हमालांचा मुकादम दाराकडे बघून म्हणाला, "मास्तर, शिवण उसवून थोडं वाढवता येतंय का बघा." (सगळी गल्ली हसली. समोरचा पानवाला अजून हसतोय.) शेवटी दुकानाचं काचेचं दार दोन्ही बाजूंनी उघडून टब दुकानात घेतला. तो तिथेच राहिला, कारण दुकानातून मागच्या खोलीत जायचं दार तर तीसच इंचांचं.

तेव्हापासून कापायचं टेबल बाहेर ओट्यावर आहे आणि मी कापड टबाच्या झाकणावर कापतो. खालून ऊब येते, डोळे मिटायला लागतात, परवा एका कोटाला एकाच बाजूच्या दोन बाह्या कापल्या. टब तापत असताना इस्त्री लावली की फ्यूज उडतो. म्हणून मी सकाळी इस्त्री करतो, दुपारी पाणी तापवतो आणि मधल्या वेळात येरझारा घालतो. एकदा पाण्याचा अंदाज घ्यायला मी स्वतः आत उतरलो, तर तेवढ्यात वकीलसाहेब ट्रायलला हजर. गिऱ्हाइकाला परत कसं पाठवायचं? मी टबातूनच हात लांब करून त्यांची छाती मोजली. ते कोट नेताना हुंगून बघत होते.

आणि जिच्यासाठी हे सगळं, ती पाण्यात बोटसुद्धा बुडवत नाही. रस्ता काचेपासून हातभर. मी दुहेरी अस्तराचा पडदा शिवला, वर चुण्या घातल्या, तीन दिवस मोडले. ती म्हणाली, पडदा सुरेख झालाय, आणि बादली घेऊन मागे गेली. समोर एवढं पाणी वाफाळतंय आणि ती बादलीत पाय बुडवून बसलीय, हे मला बघवत नाही. घास गोड लागत नाही.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
मास्तर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दुकान आणि मागची खोली यांच्यामधली भिंत तुम्ही स्वतः बांधलीत, आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा. गिऱ्हाइकांच्या नजरेपासून बहिणीला आडोसा हवा म्हणून. आणि विटेवर थापी आपटून मला म्हणाला होतात, हिला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे. मी आजवर तिला खिळासुद्धा ठोकलेला नाही. तर त्या भिंतीतून दाराच्या बाजूने फक्त सहा इंच मिळतील का? (सात. लूज ठेवावा लागतो.) तुमच्याच हाताने, तुमच्या सवडीने. रागावू नका.

ता. क. २. हे पत्र दोन दिवस खिशातच होतं, पेटीत टाकायचा धीर होईना. आज अस्तर आणायला बाजारात गेलो, परत येतो तर भरदुपारी दुकान बंद, पडदा ओढलेला, सगळीकडे विटांची धूळ. सात इंच नाही दादा, अख्खी भिंत गेली. तुमच्या बहिणीने त्याच मुकादमाला बोलावलं, पहिला घाव स्वतः घातला आणि बाकीचं त्याच्याकडून पाडून घेऊन टब मागच्या खोलीत ढकलवला. (मुकादम म्हणाला, भिंत अजून ओळंब्यात सरळ होती, पाडायला जिवावर आलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून कळवतो.) मी डोक्याला हात लावून विचारलं, आता दादांना काय सांगू? ती म्हणाली, "तुम्ही दादाला भ्यायलात, दादा लोकांच्या नजरांना भ्यायला. माझे गुडघे मधल्यामधे गेले."

ता. क. ३. थापी घेऊन लगेच निघून या. ती आत्ता टबात बसली आहे, गुडघे पाण्याखाली आहेत, आणि मी पडद्याच्या या बाजूला, ओट्यावर पहारा देतोय. वीट आणि वाळू मी आणून ठेवतो. मात्र तिने आतून एक निरोप सांगितला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो: "दादाला म्हणावं, भिंत मला हवीच आहे. पण या वेळी आधी मला विचारून बांध."