सूतभरही फरक नसलेलं पार्टिशन

१ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन सुटलेलं नाही. ही वही कुणी वाचणार नाही. तरी ऱ्हस्व-दीर्घ सांभाळणार.

आधी परिस्थिती. ताईच्या नवऱ्याने ताईला सोडून दुसरं लग्न केलं. पुढे त्या दुसरीलाही सोडलं. दोघींची ओळख कोर्टाबाहेरच्या बाकावर झाली. ताईने त्यांना पाणी दिलं, त्यांनी ताईला त्या माणसाची नक्कल करून दाखवली, आणि गेल्या महिन्यापासून दोघी आमच्याच घरात एकत्र राहतात. शेजारी सवती म्हणतात. ताई पडदे शिवते. त्या शाळेची व्हॅन चालवतात, म्हणून सगळे व्हॅनबाई म्हणतात. मी एकदा 'दुसऱ्या ताई' म्हणालो, तर म्हणाल्या, दुसरी-बिसरी नको रे मिस्त्री, फार ऐकून झालंय.

मुली दोन, दोघी दहा वर्षांच्या. ताईची ती मुंगी. अबोल, गुणी, मोज्यांची घडी करते. माझ्यावर गेली आहे. व्हॅनबाईंची, त्यांच्या आधीच्या (वारलेल्या) नवऱ्याची, ती तोफ. शिट्टी वाजवते. जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली जाते. दोघींचं एकमेकींशी नातं काय लागतं, ते कागदावर काढून पाहिलं. बाण जुळले नाहीत.

१ जून, संध्याकाळ
कठीण प्रसंग. मुंगीने उंचीप्रमाणे लावून ठेवलेल्या पेन्सिली तोफेने ढोल वाजवायला घेतल्या. मुंगीने काही न बोलता तोफेची उशी गॅलरीतून खाली सोडली. जेवताना व्हॅनबाईंनी गालावर हात दाबून जाहीर केलं की महिनाअखेरपर्यंत या भवान्यांचं असंच चाललं, तर मी माझी पोर घेऊन व्हॅनच्या थांब्याजवळ खोली बघते.

जेवण झाल्यावर ताईने एक पडदा उलटा शिवला.

व्हॅनबाई आल्यापासून ताई मशीनवर गुणगुणायला लागली आहे. ते थांबता कामा नये. संकल्प: महिन्याच्या आत दोघींना बहिणी करणे. मी फर्निचरच्या कारखान्यात कामाला आहे. जोड बसवणं हा माझा रोजचा धंदा.

३ जून
प्लॅन पहिला: समानता. दोघींना तंतोतंत सारख्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. कुठली कुणाची, यावरून जुंपली. व्हॅनबाई घरी नव्हत्या, कुठे गेल्या होत्या कोण जाणे. आल्या त्या गालात कापूस धरून, बोलेनात. रागावल्या असणार.

तोफेला म्हटलं, मला मामा म्हणत जा. ती म्हणाली, तू हिचा मामा, माझा कोण लागतोस? कागद दाखवला. बाण बघून हसत सुटली.

६ जून
प्लॅन दुसरा: गोड बोलणे. जेवणाआधी प्रत्येकीने दुसरीचा एक गुण सांगायचा. मुंगीने पुष्कळ विचार केला आणि सांगितलं की ती झोपली की बरी असते. तोफ म्हणाली, हिची वेणी ओढायला सोपी पडते. पुढचं लिहीत नाही. ताटं धुवावी लागली, भिंतही.

८ जून
एकदम सुचलं. दृष्टीआड सृष्टी! समोर दिसलीच नाही तर भांडेल कुणाशी? मुलींच्या खोलीत मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घालायचं. माणूस दूर गेला की ओढ वाटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कारखान्यात मोठ्या मिस्त्रींना ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी विचारलं, दाराचं काय? मी म्हटलं, खोलीला दार आहे की. ते चष्मा पुसत बसले. वय झालं त्यांचं.

११ जून
पार्टिशन उभं राहिलं! दोन्ही भाग बरोब्बर सारखे, सूतभरही फरक नाही. हवा खेळावी म्हणून वर हातभर जागा सोडली. चिठ्ठ्या टाकल्या. खिडकीचा भाग तोफेला, दाराचा मुंगीला. शेवटचा स्क्रू पिळून दोन पावलं मागे सरकलो आणि बघत राहिलो. डोळे भरून आले.

त्याच वेळी पलीकडून तोफेने विचारलं, आता मी बाहेर कुठून यायचं?

ती आत असतानाच काम चाललं होतं. तिने आधी बोलायला हवं होतं. स्टुलावर चढून वरून बाहेर काढली. व्हॅनबाई हसून हसून जमिनीवर बसल्या. ताई म्हणाली, शहाण्या, कबुतरं पाळतोयस का रे? डिझाइनमध्ये चूक नाही. वापरणाऱ्याने पद्धत समजून घेतली पाहिजे.

तात्पुरती सोय: दोन्ही बाजूंना एकेक स्टूल.

१३ जून
त्रास. तोफेला बाहेर यायचं तर उतरण्यासाठी मुंगीच्या बाजूचं स्टूल लागतं, आणि मुंगी आधी "प्लीज" म्हणायला लावते. उलट मुंगीच्या बाजूला उजेड नाही. खिडकी तोफेकडे. ती मध्येच पार्टिशनच्या वरच्या फटीला चादर लावून अंधार करते.

मुंगीला मात्र अंधाराची भीती नाही. माझ्यावर गेली आहे. (स्वयंपाकघराजवळच्या माझ्या खोलीत दिवा रात्रभर चालू असतो, तो सुरक्षिततेसाठी.)

१६ जून
माझा टॉर्च सापडत नाही.

शोधताना मुलींच्या खोलीत डोकावलो. पार्टिशनच्या वरच्या कडेला सुतळीने बांधून मुंगीच्या बाजूला लोंबत सोडला होता. तोफेचं काम. झोपलेल्या मुलीच्या डोळ्यांवर उजेड पाडायचा, हा छळ नाही तर काय? काढून घेतला. तासाभराने पुन्हा गायब.

१९ जून
दोन्ही बाजूंनी वस्तू फेकणं सुरू झालं आहे. आज उशी, कंगवा, एक मोजा, अर्धी काकडी. प्लायवर टकटक ठोकतात. एकीने ठोकलं की दुसरी उलट ठोकते आणि मग दोघी खिदळतात. वैर वाढत चाललं आहे. आणि पॉलिश अजून वाळायचं आहे.

२१ जून
चिंताजनक. मुंगीने जेवताना शिट्टी वाजवली. वाईट संगत पार्टिशनमधूनही झिरपते.

तोफेच्या दोन घट्ट, सरळ वेण्या. भांगसुद्धा सरळ. हे तिला जमणं शक्य नाही. मुंगीचा कंगवा ढापलेला दिसतो.

२४ जून
कारस्थान उघडकीस! माझी बारीक दातांची करवतही गायब होती. ती तोफेच्या गादीखाली निघाली. आणि पार्टिशनला खाली, गादीमागे, एक चौकोनी भोक. त्याला जुन्या चपलेच्या पट्ट्याची बिजागरी. छोटं दारच म्हणायचं. काप वाकडातिकडा, कडांना पॉलिश पेपर मारलेला नाही.

दोघींना समोर उभं केलं. तोफ म्हणाली, मी केलं. मुंगी म्हणाली, नाही, मी केलं, तिने नुसतं धरलं. तोफ म्हणाली, गप गं, तुला करवत कुठे चालवता येते. मुंगी म्हणाली, तूच तर शिकवलीस.

एवढा द्वेष! गुन्हासुद्धा दुसरीला मिळू द्यायचा नाही.

२६ जून
व्हॅनमध्ये एका मुलाने मुंगीला विचारलं म्हणे, ती नवी तुझी कोण? तोफेने मागच्या सीटवरून सांगितलं की बहीण आहे, काय म्हणणं आहे तुझं? आणि त्याची टोपी खिडकीबाहेर. व्हॅनबाईंनी गाडी थांबवून टोपी आणायला लावली ती मुंगीला, कारण तोफेला टोपी उचलून मुंगीनेच दिली होती.

मुंगी! मोजे घडी करणारी मुलगी!

स्पष्ट लिहितो. मी हरलो. जोड बसला नाही, उलट चांगलं लाकूड वाकलं. व्हॅनबाई आता जाणार.

२८ जून
जाणाऱ्याची वाट अडवू नये, सोपी करावी. कारखान्यातून लवकर निघून व्हॅनच्या थांब्याजवळ खोली पाहिली. भिंती सरळ आहेत. मालकाला शब्द दिला. उद्या जेवताना सांगेन. सगळ्यांना माझ्या मनाच्या मोठेपणाचा धक्का बसेल.

२९ जून
बसला.

मी खोलीचं सांगितलं आणि कुणाचा घास पुढे गेला नाही. मग तोफ आणि मुंगी एकदम ओरडल्या. एकच वाक्य, एकाच वेळी, जणू तालीम केली होती: आम्ही नाही जाणार! मुंगीसुद्धा "आम्ही" म्हणाली. तिला कोण पाठवत होतं? व्हॅनबाईंनी विचारलं, मिस्त्री, मला घालवायला निघालास का रे? मी एक तारखेची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, अरे देवा, तेव्हा माझी दाढ ठणकत होती, मी जगालाच सोडून जाणार होते. तीन तारखेला उपटून आले की.

हे मला कुणी सांगितलं नाही.

ताईने मशीनवर झाकण घातलं आणि म्हणाली, आता या दोघी घरातून हलल्या ना, तर तुझ्या टेपने तुलाच मोजते. तिचा आवाज कापत होता. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. व्हॅनबाईंनी उठून ते झाकण पुन्हा काढलं. म्हणाल्या, शिव गं तू, मी कुठे मरायला जातेय.

खोलीच्या मालकाला शब्द दिलाय त्याचं काय, मी विचारलं. दोन्ही मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ही नजर मी महिनाभर बघत होतो. मला वाटायचं, ठसन आहे.

तोफ म्हणाली, शब्द यानेच दिलाय. मुंगी म्हणाली, मग यानेच पाळावा. एक महिना. जेवायला घरी ये.

माझ्यावर गेली आहे.

३० जून
सामान हलवलं. निघताना पाहिलं तर पार्टिशन जागेवर नव्हतं. मुंगीने स्क्रू काढून लांबीप्रमाणे डबीत लावले होते. तोफेने प्लाय आडवा टाकला होता, आणि त्यावर दोन गाद्या लागून लागून. एकच मोठा पलंग. माप अचूक बसलं होतं. अर्थात, प्लाय मीच कापला होता.

आत ताईचं मशीन चालू होतं. ती गुणगुणत होती. व्हॅनबाई त्याच सुरात काहीतरी भलतंच म्हणत होत्या.

१ जुलै, संध्याकाळ
खोली उत्तम आहे. शांत. कुणी मापं बिघडवत नाही. खिडकी नाही, हे पाहायचं राहून गेलं होतं.

जेवायला गेलो नाही. मान असतो माणसाला. तर दोघी डबा घेऊन आल्या. तोफ दारातच थांबली आणि म्हणाली, मामा, ही खोली आहे की कपाट? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण डब्याचं झाकण मला उघडेना. मुंगीने उघडून दिलं. मग दोघींनी कोपऱ्यात कुजबुज केली, तोफ मुंगीच्या खांद्यावर चढली, आणि दोघींनी मिळून माझा टॉर्च सुतळीने खिळ्याला टांगला.

मी सांगितलं की मला अंधाराची भीती वाटत नाही.

दोघी म्हणाल्या, माहीत आहे, मामा.

गेल्या. जिन्यात दोन शिट्ट्या ऐकू आल्या. कठड्यावरून घसरण्याचा आवाजही, दोनदा.

टॉर्चची मला गरज नाही. चालू ठेवला आहे, एवढंच.