सात नंबरचा ट्रॅक

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी. रडगाणं नाही, खाडाखोड नाही.
२८ तारखेला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात. त्या दिवशी सकाळी आठ वाजता हिच्या फोनवर माझं गाणं पोचेल. शब्द माझे, चाल माझी, वाजवणारा मी. ही ऐकेल आणि दुपारच्या गाडीने परत येईल. इतका सरळ हिशोब आहे.
ही मुलीकडे गेली त्याला आज सहासष्ट दिवस. मी मोजत नाही, कॅलेंडर समोरच आहे.

४ फेब्रुवारी, दुपार
पाचच्या नऊ ओळी झाल्या. उद्या एकच लिहून भरपाई करीन.

५ फेब्रुवारी
गाण्यात सव्वीस ट्रॅक आहेत. स्क्रीनवर एकाखाली एक पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एक आवाज. पेटी, तबला, टाळ्या, आठ जणांचा कोरस. आठही जण मीच. सात नंबर हिचा. हिने फक्त धृपद म्हटलंय. आठ नंबरवर मी हिला दिलेल्या सूचना आहेत. त्यासाठी माझ्यासमोर वेगळा माइक ठेवला होता. सूचनाही नीट रेकॉर्ड व्हायला हव्यात, पुढेमागे कुणी माझ्यावर लिहिलंच तर. गाण्यात अर्थात तो ट्रॅक बंद असतो.
हिचं रेकॉर्डिंग नोव्हेंबरात केलं. हिची लय सुटत होती, म्हणून मी फक्त अकरा वेळा म्हणायला लावलं. हिच्या कानात मशीनची टिकटिक होती. मला टिकटिकीची गरज नाही, मी टेबलावर बोटांनी ठेका धरला. तर ही म्हणते, तुमच्या ठेक्यानेच गोंधळ होतो. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही ठेका शिकवणार.
अकरातला चौथा बरा होता. तो ठेवला, बाकीचे काढून टाकले.
तीन दिवसांनी मुलीला ताप आला म्हणून ही तिच्याकडे गेली. आठ-दहा दिवसांत येते म्हणाली होती.

९ फेब्रुवारी
पेटीचे तुकडे जुळवले. हिचा आवाज सारखा मध्ये मध्ये येत होता, मला माझी पेटी ऐकूच येईना. सात नंबरचं म्यूटचं बटण दाबलं. तात्पुरतं. आता काम झरझर होतंय.
व्यायाम उद्यापासून.

११ फेब्रुवारी
मुलीला फोन केला. आई बाहेर गेली आहे म्हणाली. मागे कपबशांचा आवाज येत होता. आई तिकडे बागेत फिरायला जाते, दोन मैत्रिणी झाल्यात, झोप छान लागते, म्हणाली. ताप कसा आहे विचारलं. कसला ताप, म्हणाली. मग म्हणाली, तो डिसेंबरातच गेला बाबा.
बरं झालं. पोरीच्या तब्येतीची काळजी मिटली.
घरात शांतता आहे. रेकॉर्डिंगला अशी शांतता मिळायला लोक भिंतींना गाद्या लावतात.

१४ फेब्रुवारी
आज पहिलं एक्स्पोर्ट. म्हणजे सगळ्या पट्ट्यांची एक फाइल करायची, जी कुणाच्याही फोनवर वाजेल. बटण दाबून आंघोळीला गेलो. फाइल झाली बावन्न मिनिटांची. गाणं आहे चार मिनिटं सदतीस सेकंदांचं. उरलेला वेळ नुसती शांतता. सगळी ऐकली, काही राहिलं असेल म्हणून.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४
कारण सापडलं. आठ नंबरचा सूचनांचा ट्रॅक बावन्न मिनिटांचा आहे. बंद असला तरी त्याची लांबी मोजली जाते. तो सोलो करून तपासला. सोलो म्हणजे तोच एक वाजतो, बाकी सगळे गप्प. मग पुन्हा एक्स्पोर्ट केलं आणि सोलो काढायला विसरलो. फाइलमध्ये एकटा मी. 'पुन्हा', 'घाई नको', 'पुन्हा'. दहा-बारा सेकंद ऐकलं. आवाजात अधिकार आहे. फाइल 'सूचना' नावाने फोनवर जपून ठेवली.
हिला फोन लावायचा होता, पण गाणं झाल्यावरच लावू. सरप्राइज आहे.

१७ फेब्रुवारी
कॉम्प्युटरने मान टाकली. प्ले केलं की चार सेकंद वाजतं आणि अडकतं. माइकवाल्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, काका, सव्वीस ट्रॅक कुणी ठेवतं का, रेंडर करून एक करा, मशीन हलकं होईल. आणि करण्याआधी एक कॉपी ठेवा, नंतर आतलं काही वेगळं काढता येत नाही. दोनदा बजावलं. माझ्या निम्म्या वयाचा असेल.
उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११
रेंडर केलं. सव्वीसचा एक झाला. शेवटी एक चौकट आली, मूळ ट्रॅक काढून टाकायचे का. हो. पसारा मला खपत नाही. सेव्ह केलं. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. ही इथे असती तर म्हणाली असती, घरातला पसारा कधी असा आवरला नाहीत. ती आली की हेही दाखवीन.
कॉम्प्युटर पिसासारखा चालतोय.

२१ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावून गाणं ऐकवलं. अर्धा चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, कोरसमध्ये किती जण आहेत. आठ, म्हटलं. सगळे जमले कधी, म्हणाले. सगळे मीच, म्हटलं. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग विचारलं, वहिनी कधी येणार. मी सांगितलं, अठ्ठावीसला दुपारी.
जाताना म्हणाले, जेवायला येत जा वर, एकट्याने काय खाता. मी म्हटलं, वेळ कुठे आहे.
धृपदात हिचा आवाज कोरसमध्ये इतका मिसळून गेलाय की वेगळा जाणवतसुद्धा नाही. यालाच मिक्सिंग म्हणतात.

२६ फेब्रुवारी
आज फक्त गाण्यापुरताच भाग निवडून शेवटचं एक्स्पोर्ट. ४.३७, बरोब्बर.
घर झाडलं. हिच्या बाजूची चादर बदलली. गेले तीन महिने तिकडे वायरी ठेवत होतो, त्या उचलल्या. रात्री तिकडे हात गेला की वायर लागायची, आता नुसती चादर लागेल. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

२८ फेब्रुवारी, सकाळी ८.००
पाठवलं.

८.०४
पोचलं.

८.५०
ऐकत असेल. एकदा ऐकून समाधान होणारं गाणं नाही हे.

दुपारी १
दुपारची गाडी स्टेशनात पावणेचारला येते. जाऊन उभा राहतो. न सांगता आली तर पंचाईत नको.

संध्याकाळी ६
गाडी वेळेवर आली. गर्दी बरीच होती, चुकामूक होऊ शकते. घरी येऊन पाहिलं. चुकामूक झालेली नाही.

१ मार्च, सकाळी १०
हिचा फोन आला. आधी तब्येत विचारली. गोळ्या घेता का विचारलं. मग म्हणाली, गाणं छान झालंय, मेहनत दिसते. पण मी कुठे आहे त्यात?
मी मिक्सिंग समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी तीनदा ऐकलं, पोरीनेही ऐकलं, कानाला लावून ऐकलं. मी नाहीये हो त्यात. रागावली असती तर बरं झालं असतं. हवामान सांगावं तसं सांगितलं.
मी म्हटलं, थांब, बघतो. ती म्हणाली, राहू दे. मी विचारलं, कधी येतेस. म्हणाली, बघू. आणि गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली.

दुपारी १२
बघितलं. रोजनिशीतच सापडलं. ९ तारीख. म्यूट केलं ते तात्पुरतं होतं, उघडायचं राहून गेलं. १९ तारखेला रेंडर. बंद ट्रॅक त्यात येतच नाही. आणि मूळ ट्रॅक काढून टाकायचे का, तर हो.
दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, कॉपी ठेवली असेल ना काका. मी म्हटलं, हो, हो.

दुपारी ३
फोनवरची 'सूचना' फाइल आठवली. माझ्या माइकची आहे, पण खोली एकच होती. आवाज पूर्ण वाढवला. 'पुन्हा' म्हटल्यावर कान फुटतात, पण त्यामागे, लांबून, ही आहे. धृपद म्हणते आहे. तीन महिन्यांनी ऐकलं.
माझा आवाज काढून तिचा ठेवायचा प्रयत्न केला. जमत नाही. दोघं एकाच पट्टीत आहेत.
हिची लय सुटत होती याची खात्री करायला मशीनची टिकटिक खाली लावली. पहिल्यापासून तपासत गेलो, वजनं तपासायचो तसं. ही प्रत्येक वेळी टिकटिकीवर आहे. अकराच्या अकरा वेळा. टेबलावरची बोटं मागे पडतात.

संध्याकाळी ६
हिला फोन करून सांगायला हवं. लावला नाही अजून. काय म्हणायचं ते ठरत नाही.
अकरावा टेक शेवटपर्यंत ऐकला. तो पूर्वी ऐकलाच नव्हता. धृपद संपल्यावर ही विचारते, झालं का तुमचं, दमले मी. त्यावर मी म्हणतो, पुन्हा.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज आहे आणि दार लागल्याचा. पुढची चार मिनिटं मी एकटाच ठेका धरून बसलोय.