‘कडक’ हा शब्द आत्याचा नव्हे

बऱ्हाणपूर,
१४ फेब्रुवारी १९३९

प्रिय शारदे,

दिवाळीनंतरच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. सोजरआत्याच्या मुलींच्या वर्गाला वर्ष झालं म्हणून आमच्या अंगणात बायका जमल्या आणि आत्या उभी राहून बोलली, एवढं खरं. पण ‘पोरींना कडक शिक्षा झालीच पाहिजे’ असं ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली, ‘पोरींना शिक्षा भेटली पाहिजे, नाही तर त्या अशाच राहून जातील.’ माझ्या आठवणीवर विसंबून न राहता मी भागाबाईंनाही विचारलं, त्या तिच्या शेजारीच बसल्या होत्या. आपल्या गावात हिंदीच्या संगतीने शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तुला काय सांगायचं; पण तुम्हा पुणेकरांना त्या शब्दाने छडीच आठवणार. म्हणून तुला जरा जास्त हसू यावं, एवढ्यासाठी ‘कडक’ मी घातला. तो शब्द माझ्या डोक्यातून निघून थेट तुझ्या पत्रात गेला. या अंगणात तो कोणीही उच्चारला नव्हता.

आणि आता तो छापून आला आहे. सुरवंट या नावाने पुण्याच्या साप्ताहिकात व्यंगचित्रं येतात, त्यात गेल्या महिन्यापासून ‘बऱ्हाणपूरच्या शिक्षाबाई’ सुरू झाल्या. जाड भिंगं, खोचलेला पदर, हातात वेताची छडी, समोर हात पुढे करून रडणाऱ्या मुलींची रांग, आणि खाली तेच वाक्य, माझ्या ‘कडक’सकट. चित्र वाईट असतं तर बरं झालं असतं. रेघ चांगली आहे, हे कबूल केलं पाहिजे. तुझ्या लग्नात आत्याने आग्रह करून जावयाच्या पानात माव्याची जिलबी वाढली होती, तेव्हाचा तिचा वाकलेला खांदा त्यात हुबेहूब उतरला आहे.

इथे काय चाललं आहे तेही ऐक. आमच्या सुरेशने वाचनालयात ‘सुरवंट मंडळ’ काढलं आहे. अंक येण्याच्या दिवशी ही मंडळी आपल्या इथल्या लालबागच्या स्टेशनावर जाऊन गठ्ठ्याची वाट पाहतात, चित्र कापतात, खळ लावून भिंतीवर चिकटवतात आणि त्याच्यासमोर पान चघळत उभी राहतात. एका चित्राला कोणी मिशा काढल्या, एकावर पानाच्या पिंकेचे शिंतोडे आहेत, आणि जिथे बोटं लावतात तिथे शिक्षाबाईच्या पदराचा कागद काळा पडला आहे. मी सुरेशला म्हटलं, अरे, ही आपली आत्या आहे. तर म्हणतो, ‘नाव कुठं आहे तिचं? अन् तूच सांग ताई, पुण्याच्या पेपरात आपल्या गावाला आजवर कोणी विचारलं होतं का?’ बाजारात केळीवाली आत्याला म्हणते, ‘बाई, फणी घेता का शिक्षा देता?’ आणि भोवतीचे लोक हसतात.

त्या दिवशी तर खंडव्याहून तिघे आले. आत्याला वाटलं, कुणाच्या तरी मुलीला वर्गात घालायचं असेल. तिने त्यांना बसवलं, ‘बेटा, आधी पाणी प्या’ म्हणत तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर एकजण अगदी अदबीने म्हणाला, ‘बाई, ते वाक्य एकदा म्हणून दाखवा ना, तेवढ्यासाठी आलो.’ तिने विचारलं, कोणतं वाक्य. त्यावर ते असे हसले की एकाला ठसका लागला, आणि आत्याने त्याला पुन्हा पाणी दिलं. ते गेल्यावर मी त्यांचे पेले राखेने घासले, तरी मला त्यांचा स्पर्श पुसला गेल्यासारखा वाटला नाही.

मग तिला सगळं सांगावंच लागलं. ती रागावली नाही. शारदे, धूळपाटीवर माझं बोट धरून तिनेच मला अक्षरं गिरवायला शिकवली, तुलाही. आता ती मुलींसमोर प्रत्येक वाक्याच्या आधी थांबते आणि हळूच माझ्याकडे वळून विचारते, ‘बेटा, हा शब्द बरोबर आहे ना?’ बहादरपूरच्या मुली येईनाशा झाल्या. त्यांच्या घरचे म्हणतात, जिच्यावर गाव हसतं तिच्याकडे पोरी कशाला पाठवायच्या. उरलेल्या मुलीही होळीपर्यंत टिकतील असं मला वाटत नाही.

सुरवंट म्हणजे तुझे मधुकरराव, हे मंडळाला अजून ठाऊक नाही. मंडळाने साप्ताहिकाच्या पत्त्यावर सत्काराचं आमंत्रण धाडलं आणि त्यांचा होकार आला. शाल ठरली, हार ठरले, आणि पाहुण्यांना ओवाळायला सुरेशने माझं नाव घातलं. माझं पत्र तू त्यांना वाचून दाखवलंस की त्यांनी ते आपणच उघडलं, हे मी विचारत नाही. उत्तर काहीही आलं तरी मला तुझा राग येईल, आणि तो यावा असं मला वाटत नाही. पण मी तबक हातात घेणार नाही. सभेत उभी राहीन, आत्या काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगेन, ‘कडक’ माझा होता हे सांगेन, आणि तो खाजगी पत्रातून पुण्याला गेला हेही. तुझं नाव मी होऊन घेणार नाही. मात्र पत्र कोणाला लिहिलं होतं असं कोणी विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही. ते तुला परक्याकडून किंवा त्यांच्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्यांना दाखव किंवा दाखवू नकोस, अडव किंवा अडवू नकोस. सभा वाचनालयात आहे, रविवारी, २६ फेब्रुवारीला, आणि मी त्याच दिवशी बोलणार आहे.

अजून तरी तुझीच,
सुनंदा