लाल लोकरीची टोपी

प्रिय विल्फ,

मी बरी आहे. इथे सूनबाई हेलन मला काही कमी पडू देत नाही. तुझा खोकला कसा आहे? कोंबड्या वेळेवर कोंडतोस ना?

इथल्या बायका युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनासाठी लोकरीची लाल पॉपीची फुलं विणतात. ती जाळीला लावून चर्चच्या फाटकावर सोडायची. आपल्या स्टुअर्टचं नाव इथल्याच स्मारकाच्या दगडावर आहे, म्हणून हेलनबरोबर मीही जाते. क्रोशाने गोल गोल विणत जायचं, तळहाताएवढं झालं की थांबायचं आणि मधोमध काळं बटण शिवायचं.

काल मी थांबायचंच विसरले. गप्पांच्या नादात हात चालत राहिले.

"बेरिल, हे फूल हत्तीच्या कोटाला लावायचं का गं?" मार्जरी म्हणाली. सगळ्यांवर तिचाच हुकूम चालतो. "आण इकडे, उसवते."

सगळ्या हसल्या. मी खाली पाहिलं, तर हातात तान्ह्या बाळाची टोपी. स्टुअर्टला विणली होती, अगदी तशीच.

हेलनने ती घेतली आणि आपल्या मुठीवर चढवून बसून राहिली. मग उसवायचं सोडून मार्जरीनेच जाळीत जागा केली.

तुला त्या दिवशी यायला नको वाटतं, ठाऊक आहे. मी आग्रह करत नाही. पण आलासच, तर एवढ्या फुलांत ती टोपी शोधत बसू नकोस. स्टुअर्टला दवाखान्यातून घरी आणताना तू टोपी उलटी घातली होतीस. मी हीसुद्धा उलटीच लावायला सांगितली आहे.

मफलर घेत जा.

तुझीच,
बेरिल