कागदावर मी तुझ्याकडे राहते

डेट्रॉइट
मंगळवार, दुपार

प्रिय डॅडी,

मी कोरीन. अक्षर ओळखणार नाहीस म्हणून आधीच सांगितलं. तुझा पत्ता मला कुणी दिला असा प्रश्न तुला पहिला पडेल. मम्मीनं नाही दिला. ती अजून ‘तो तिकडे वर, तळ्याकाठी कुठंतरी’ एवढंच म्हणते. तुझा पत्ता मला गेल्या बुधवारी विम्याच्या ऑफिसात मिळाला, माझाच पत्ता म्हणून. कोरीन, वय सतरा, राहणार हार्मन स्ट्रीट, ४१८, मागचं दार, अल्पीना. मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं कुणी दुसरीच कोरीन असेल.

जरा सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझं सगळं उलटसुलट होतं. बोलताना होतं तसंच.

मम्मीची करडी गाडी तू पाहिलेली नाहीस. तू गेल्यानंतर घेतली. चार दारांची, मधल्या मापाची, मागच्या सीटवर आधीच्या लोकांच्या कुत्र्याचे केस. ते अजून निघतात. चार वर्षांपूर्वी सात हजारांना घेतली, आता पाच हजार आले तरी खूप. या वसंतात मी लायसन काढलं. परीक्षा घेणारा माणूस पूर्ण वेळ बेसबॉलबद्दल बोलत होता, मला एक शब्द बोलावा लागला नाही, म्हणून पास झाले असं मम्मी म्हणते. पण लायसन आलं आणि त्याच दिवशी तिनं चावी डब्यातून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. “लायसन बँकेत दाखवायला असतं,” म्हणाली. “गाडीला हात लावायचा नाही. आणि गल्लीत कुणाला सांगायचं नाही तुला गाडी येते म्हणून.” मला वाटलं तिचा माझ्यावर विश्वास नाही. वाईट वाटलं, पण मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही कधी, तुला माहीत आहे. की नाही माहीत?

शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली. मम्मीनं सही केली. वर्गात उभं राहून बोलायचं आलं की माझा आवाज जायचा, अगदी खरोखर जायचा, आणि मुलं हसायची नाहीत, वाट बघत बसायची. ते जास्त वाईट होतं. आता मी एका लाँड्रीत आहे, हॉटेलांच्या चादरी घड्या करते. मशीनचा एवढा आवाज असतो की कुणी बोलायची अपेक्षाच करत नाही. माझ्या शेजारी डोलोरेस म्हणून बाई आहेत, त्या हाताच्या खुणांनी अख्ख्या गोष्टी सांगतात. मला बरं वाटतं तिथं.

आता जे मम्मीनं तुला सांगू नको म्हटलंय ते सांगते. तिच्या किडन्या गेल्या. जानेवारीपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला सेंटरमध्ये मशीनवर बसावं लागतं, चार चार तास. सकाळी ती स्वतः गाडी घेऊन जायची. परत येताना मात्र तिच्यात काही उरत नाही. पिळून काढलेल्या चादरीसारखी दिसते. दवाखान्याची फुकटची व्हॅन आहे, पण ती कधी दोन तास उशिरा येते, कधी येतच नाही. एकदा आलीच नाही तेव्हा मम्मी फुटपाथवर बसून होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, “मी भीक मागत नाहीये, मी नुसतीच बसलीये.” मग मार्चमध्ये ती सिग्नलला झोपली. गाडी चालू, पाय ब्रेकवर, सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला. मागच्यांनी हॉर्न मारले तरी उठली नाही. पोलिसानं काच ठोकली. कुणाला काही लागलं नाही. पण सेंटरच्या नर्सनं तिच्याकडून लिहून घेतलं की परत जाताना ती गाडी चालवणार नाही.

मी म्हटलं, मग मी चालवते. ती म्हणाली, “हळू चालव, कुणाला कळतंय.” म्हणजे आता चावी द्यायला तयार होती. पण डोलोरेसबाईंच्या मुलाचं मला माहीत होतं. त्याचं नाव विम्यात नव्हतं, त्यानं आईची गाडी नेली आणि ठोकली, कंपनीनं हात वर केले. त्यांचं घर गेलं त्यात. आणि आमच्या गाडीत तर शेजारच्या सीटवर मम्मी बसणार, हातात मशीनची नळी जोडायची ती जागा आहे, तिथं नुसता धक्का लागला तरी रक्त थांबत नाही. मी म्हटलं, माझं नाव घाल, तरच चालवीन. डॅडी, मी तिला पहिल्यांदाच काहीतरी नाही म्हटलं. ती इतकी गप्प झाली की मला वाटलं आजारानं झाली. आजारानं नव्हती झाली, ते मला बुधवारी कळलं.

मी विम्याच्या ऑफिसला फोन करायचं ठरवलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं, ‘नमस्कार’ पण लिहिलं. तीनदा लावला, तिन्ही वेळा समोरून आवाज आला की ठेवून दिला. शेवटी चालत गेले. व्हर्नर रस्त्यावर टॅकोच्या दुकानावर जिना आहे, वर एकच खोली, एकच बाई, मिसेस हडगिन्स. मम्मीच्या ओळखीच्या आहेत, मम्मीनं त्यांना फोन करून ठेवला होता की मुलगी येईल, गाडीचं विचारील. मी बोलायला लागायच्या आत त्यांनीच मम्मीचे कागद स्क्रीनवर उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू कोण?”

मी म्हटलं, कोरीन.

“अल्पीनाहून कधी आलीस?”

मी म्हटलं, मी तिथं कधी गेलेच नाही. पण एवढ्या हळू म्हटलं की त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथं तुझा पत्ता होता, आणि खाली तू भरलेला फॉर्म. तुझी सही मला ओळखू आली. तुझ्या सहीतल्या डब्ल्यूला शेपटी असते, माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर होती तशीच.

मी तुला तो फॉर्म सांगते, कदाचित तू विसरला असशील. मुलगी कुणाकडे राहते? माझ्याकडे. आठवड्यातून किती रात्री? सात. स्वतंत्र खोली आहे का? आहे. आईची गाडी वापरते का? नाही. आणि सगळ्यात खाली, ‘आणखी काही’ असं छापलंय, जिथं कुणी काही लिहीत नाही, तिथं तू लिहिलंयस, ‘शांत मुलगी आहे. तिचा काही त्रास नाही.’

डॅडी, तुला हे कुणी लिहायला सांगितलं होतं? मिसेस हडगिन्सना मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुणीच नाही, ती जागा रिकामी सोडली तरी चालते. मी अकरा वर्षांची असताना तू गेलास. तेव्हा मी शांत होते का? मला तर आठवतं मी फार बडबडायचे, तू गाडी चालवताना मागून सतत काहीतरी विचारायचे, आणि तू म्हणायचास, “या रेडिओचं बटण कुठं आहे?” मग तुला कसं कळलं? की तुझ्याकडे जी राहते ती कोरीनच शांत आहे?

मला तिथं रडू आलं असतं, पण त्यांनी लगेच दुसरा धक्का दिला. माझं नाव घातलं तर किती, ते त्यांनी काढलं. आता मम्मी महिन्याला दोनशे नव्वद भरते. माझ्यासकट आठशे दहा. मला वाटलं वर्षाचे. “महिन्याचे, बाळ,” त्या म्हणाल्या. मी मनात गुणाकार केला, परत केला. वर्षाच्या विम्यात आमच्यासारख्या जवळजवळ दोन गाड्या येतात, कुत्र्याच्या केसांसकट. मी काहीच ठोकलेलं नाही. मी अजून गाडी पार्किंगमधून बाहेर पण काढलेली नाही. “तू काय केलंस त्याचे नाहीत गं, तू सतरा वर्षांची आहेस आणि या भागात राहतेस त्याचे आहेत,” त्या म्हणाल्या. मग त्यांना माझी दया आली असावी. “थांब, शाळेत मार्क बरे असले तर सूट असते. प्रगतिपुस्तक आणलंयस?”

मी म्हटलं, मी शाळेत जात नाही.

“अरे देवा,” म्हणाल्या, आणि सावकाश एक खूण खोडली. त्या वर्गात थोडी कळ काढून उभी राहिले असते तर आज किती वाचले असते, याचा मी जिना उतरेपर्यंत हिशोब करत होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं की गप्प बसण्याला एवढा भाव असतो.

घरी येऊन मम्मीला म्हटलं, तू मला डॅडीकडे पाठवलंस? ती सोफ्यावर पडली होती. उठून बसली. “कागदावर पाठवलं,” म्हणाली. “विकलं तर नाही ना? सोळा पूर्ण झाली की घरातलं मूल कळवा असं त्यांचं पत्र आलं होतं. कळवलं असतं तर गाडी विकावी लागली असती. मग मी कामावर कशी गेले असते, तुझ्या डॅडीच्या आठवणींवर बसून?” मग म्हणाली, तिनं तुझ्या सिमेंटच्या कारखान्यात फोन केला होता. चार मिनिटं बोललात. तू फक्त म्हणालास, कागद पाठव. “सहा वर्षांत एकदा कामाला आला तो माणूस,” मम्मी म्हणाली, “आणि ते पण खोटं बोलायला.” पण हे म्हणताना ती हसली. थोडी. मी तिला विचारलं नाही की मग चार मिनिटं बोललात तर माझ्याबद्दल काय बोललात. विचारायला हवं होतं.

मला राग यायला हवा होता. डोलोरेसबाई म्हणाल्या, मी असते तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती. राग आला पण. पण खरं सांगू, त्या दिवसापासून मी फोनवर नकाशा उघडून तुझं घर बघते. रस्त्याचा फोटो दिसतो. हिरवं पन्हाळं, दारात बर्फाचं फावडं, फोटो उन्हाळ्यातला आहे तरी फावडं बाहेरच. मागचं दार दिसत नाही. वरच्या बाजूला एक बारकी खिडकी आहे, तिला पडदा नाही. ती माझी असणार असं मी ठरवलंय. वर्षाहून जास्त मी तिथं झोपते आणि मला पडदा पण लावलेला नाहीस.

आता पुढचं. दुसऱ्या दिवशी मी परत मिसेस हडगिन्सकडे गेले आणि या वेळी मोठ्यानं बोलले. मी म्हटलं, मी इथंच राहते, कायम इथंच राहत होते. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाल्या, “हे मी ऐकलं नाही. हे कंपनीला कळलं तर तुझ्या आईचा विमाच काढून घेतील, आणि मग दुसरं कुणी उभं करणार नाही. तू नुकतीच इथं राहायला आलीस. आईची तब्येत बरी नाही म्हणून. असंच ना?” आणि मी मान हलवली. म्हणजे मी पण सामील झाले. त्यांनी आकडा पण खाली आणला. आमच्या गाडीचा विमा काढून टाकला, माणसांचा तेवढा ठेवला. गाडी फुटली तर फुटली. पाचशे चाळीस झाले. मी रविवारची पाळी मागून घेतलीये, मिळाली. एक तारखेपासून मी मम्मीला नेणार-आणणार. तोवर ती दोन बस बदलून जाते, आणि दुसऱ्या बसला शेवटपर्यंत उभी असते कारण बसली की उठवत नाही म्हणते.

म्हणून हे पत्र. सोबत एक पानाचा फॉर्म आहे आणि तिकीट लावलेलं पाकीट. तुझ्या सहीशिवाय माझं नाव चढत नाही, कारण कंपनीच्या लेखी मी तुझ्या घरची आहे आणि मी तिथून निघाले हे तूच सांगायचं असतं. वीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. ‘घर सोडण्याचं कारण’ यात ‘आजारी आईला मदत’ असं मी भरलंय, तेवढं त्यातलं खरं आहे. ‘मुलीनं घर सोडल्याची तारीख’ ही जागा मात्र तुला भरावी लागेल. मी तीनदा पेन्सिलनं भरली आणि खोडली, तिथं कागद पातळ झालाय, जपून लिही. तू आमचं घर सोडलंस ती तारीख मला पाठ आहे, पण इथं ती चालत नाही. आणि दुसरी कुठलीही तारीख घातली तरी तिच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे होते असं होतं, आणि मग तो दिवस आपण दोघांनी कसा घालवला असेल याचाच विचार करत मी बसून राहते.

तुझीच,
कोरीन