अण्णांनी काचेवर ओतलेली बादली

सोमवार, ऐन एप्रिल. जळकोट.

गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेलाय म्हणून आज अण्णांना सोबत घेऊन लातूरला शोरूममध्ये गेले. गाडी अजून नवी आहे, वॉरंटीत बसेल असं धरून चालले होते.

काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आपोआप तडकली असंल तर बघता येईल. बाहेरून काही झालं असंल तर न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले, "मीच गार पाणी मारलो साहेब. उन्हानं लई तापली होती काच."

झालं! स्वतःच्या वडिलांचा इतका राग आला. गृहस्थ मात्र हसले. "वॉरंटी गेली काका, पण विम्यातून करून देऊ," म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

येताना तो तडा सारखा डोळ्यासमोर. शेवटी विचारलंच, "अण्णा, टँकर आठवड्यातून एकदा येतो, आणि पाणी गाडीवर?"

"धुळीनं पार मातकट झाली होती. आपल्या घरातली पहिली गाडी. तू साळंत शिकवायला अशी घेऊन जाणार?"

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्येंच्या आंघुळीची बादली हुती ती. तवापासून नुसतं अंग पुसून राहिलेत."

आणि मी वॉरंटीसाठी चिडले होते!

उद्या माझ्या वाटच्या पाण्याची बादली न्हाणीत अण्णांसाठी ठेवायची. आईला बजावलंय, माझी आहे म्हणून सांगू नको. नाहीतर तीही गाडीवर जाईल.