उमरेड रोडचा प्लॉट

९ जानेवारी १९७८
खोटं बोललो. तेही तोंडावर, चहा पिता पिता!

नवरा देवराव गेल्यापासून तुळसाबाई मला भाऊ मानते. त्याने घेतलेला उमरेड रोडवरचा प्लॉट ठेवावा की विकावा, हे विचारायला आली होती. तिथे घर बांधलं तर लेकीला, गोपिकेला, कॉलेजसाठी आधी तासभर पायी, मग बस. "तुम्ही तर बसच्या कचेरीतले. तिकडे बस येईन का, भाऊ?"

मी म्हणालो, दहा वर्षं तरी नाही — आणि नव्या मार्गाचा कागद परवा मीच टाइप केलेला! जूनपासून बस. शेवटचा थांबा तिच्या प्लॉटपासून पन्नास पावलांवर.

११ जानेवारी
का बोललो असं? बावीस वर्षं भाड्याच्या घरात काढली, नळाला पाणी कधी सोडणार हेही मालकाला विचारून. म्हणून बोललो. लिहिताना हे कारण बरं वाटलं, वाचताना नाही.

शामलाला सगळं सांगितलं. बायको आहे, हरखेल वाटलं. ती भाजी निवडत राहिली.

२० जानेवारी
प्लॉट घेतला. रजिस्ट्री शामलाच्या नावाने. वर माझा उपकाराचा आव — तुमची अडचण आहे म्हणून घेतो! तुळसाबाईने पेढे आणले होते. शामलाने सही केली, पेढ्याला हात लावला नाही. इतक्या लांब राहायला जायचं म्हणून फुगली असावी.

१ जून
बस सुरू झाली. पहिल्या फेरीला हार, नारळ. मी खिडकीशी बसून गेलो. उतरलो तर शेजारच्या प्लॉटचा नत्थूजी भेटला. भाव तिप्पट झाला म्हणे, आणि दलाल रोज चकरा मारतात. मी हसलो. परतीच्या फेरीत मात्र खिडकीशी बसलो नाही.

२ जून
कचेरीत लक्ष नाही.

२३ जुलै
तुळसाबाईच्या खोलीवर गेलो. इतवारीत, जिन्याखाली. दिवसाही दिवा लावावा लागतो. गोपिका ट्रंकेवर वही ठेवून अभ्यास करत होती. सगळं कबूल करायचं, हे घरूनच ठरवून निघालो होतो. भुट्टे नेले होते, ते दिले आणि परत आलो. भित्रा!

१८ ऑगस्ट
राखी. तुळसाबाई आली. तिला बसचं कळलं आहे. वाटलं, आता शिव्या घालील — घालायला हव्या होत्या! राखी बांधून म्हणते, "तुमच्या कचेरीनं तुम्हालेच नाही सांगतलं, पहा. जाऊ द्या भाऊ, घरातल्या घरातच राह्यलं."

मान वर करता आली नाही. लाज वाटते. हातातली राखी सोडवावी तर तेही धाडस नाही.

१९ ऑगस्ट
शामलाला म्हणालो, प्लॉट तुळसाबाईला परत करू, तुझी सही लागेल. भांडेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी मी गेली होती तिच्याकडे. बस येऊन राहिली, विकू नका, म्हटलं. तिले वाटलं, मले पैसे द्याले जिवावर आलं. म्हणे, वयनी, माह्या भाऊ मले झूट नाही सांगत."